डोक्याचा मुका मार

संक्रांत जवळ आली की आमच्या नारायणगुड्यातील गच्च्या मुलांनी फुलून जातात. हातात मांजा, नजर आभाळात; मग पायाखालचे भान कोणाला राहणार? दोन वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी काटलेल्या पतंगामागे धावताना आमचा दहा वर्षांचा नातू जिन्यावर घसरला आणि त्याचे डोके कठड्यावर आपटले. रक्ताचा थेंबही आला नाही. परंतु "आजोबा, पतंग कुठे गेला?" असे त्याने तीन वेळा विचारले, आणि मग त्याला उलटी झाली. आम्ही घाबरून त्याला इस्पितळात नेले. तेथे काढलेला सीटी स्कॅन निर्दोष निघाला. संकट टळले असे मानून आम्ही घरी परतलो व शेजारीपाजारी तिळगूळ वाटला.

येथवर सारे योग्यच झाले. आमची चूक झाली ती पुढे.

सुट्टी संपून शाळा सुरू झाली, आणि नातू रोज डोके धरून बसू लागला. उड्डाणपुलाकडून येणारे वाहनांचे भोंगे त्याला सोसवेनात. दिवा लावला की तो डोळे झाकून घेई. रात्री झोप लागेना, सकाळी उठवेना. पाढे तोंडपाठ असलेले पोर सातच्या पाढ्यात अडखळू लागले, धाकट्या बहिणीवर उगाच खेकसू लागले. शाळेच्या वहीत शेरा आला, 'लक्ष देत नाही.' सूनबाई हळूच म्हणाल्या, "मामंजी, पडल्यापासूनच तो असा झाला आहे." पण आमच्याजवळ स्कॅनचा दाखला होता ना! "अभ्यास टाळण्याची ही सोंगे आहेत," असे म्हणून एका संध्याकाळी आम्ही त्याच्या पाठीत धपाटा घातला. तो रडला नाही. "मी खोटे बोलत नाही, आजोबा," एवढेच म्हणाला.

अखेर सूनबाईंनी हट्ट धरून त्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेले. आम्हीही मुकाट्याने बरोबर गेलो. डॉक्टर म्हणाले, याला कन्कशन म्हणतात. डोके आपटले की कवटीच्या आत मेंदू हिंदकळतो आणि त्याच्या पेशींचे कार्य काही काळ विस्कटते. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, मोडलेले हाड दिसते. हे विस्कटणे दिसत नाही. लक्षणेही काही वेळा उशिरा प्रकट होतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये लॉर्ड्सच्या मैदानावर स्टीव्ह स्मिथच्या मानेवर चेंडू आदळला. तपासणीत ठीक ठरून तो त्याच दिवशी पुन्हा फलंदाजीस उतरला. त्रास जाणवला तो दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि त्याच्या जागी दुसरा खेळाडू घ्यावा लागला. जाणत्या खेळाडूची ही गत, तर दहा वर्षांच्या पोराची काय कथा!

उपाय साधे होते. पहिले एक-दोन दिवस बेताची विश्रांती घ्यावी व मोबाईल दूर ठेवावा. त्यानंतर मुलाला अंधाऱ्या खोलीत कोंडू नये. सोसेल तेवढे चालू-फिरू द्यावे. शाळा आधी अर्धा दिवस, गृहपाठ थोडा. पडण्याचा, आपटण्याचा धोका असलेले खेळ सर्वांत शेवटी, आणि तेही डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच. कारण पहिला मार भरून येण्याआधी दुसरा बसला तर अनर्थ ओढवू शकतो. बहुतेक मुले चार आठवड्यांत बरी होतात, काहींना अधिक काळ लागतो. आमच्या नातवाला दहा आठवडे लागले.

मात्र डोकेदुखी वाढत गेली, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, झटके आले, बोलणे अडखळू लागले, हातापायांतील शक्ती गेली, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसल्या किंवा मूल जागे होईना, तर क्षणाचाही विलंब न लावता इस्पितळ गाठावे.

डॉक्टरांकडून परतल्यावर त्या रात्री आम्ही नातवाजवळ बसलो आणि त्याची क्षमा मागितली. वडीलधाऱ्याने लहानापुढे नमावे हे आम्हांस जड गेले, हे कबूल करतो. त्याने आमचा हात आपल्या कपाळावर ठेवून घेतला, आणि पुष्कळ दिवसांनी त्याला शांत झोप लागली.

मुक्या माराचा व्रण दिसत नाही. तो कोठे दुखतो हे लेकरूच सांगू शकते. वाचकहो, त्याचे म्हणणे खोटे ठरविण्याची आमच्यासारखी घाई आपण करू नये, एवढीच विनंती.