ज्येष्ठता यादी

पोलीस शिपायाला खात्यात दोन आकडे मिळतात. एक बक्कल नंबर. तो जिल्हा बदलेपर्यंत हलत नाही. दुसरा ज्येष्ठता यादीतला अनुक्रमांक. तो वर्दीवर कुठं लावलेला नसतो, पण घरातल्या सगळ्यांना तोंडपाठ असतो. आमच्या अण्णांचा बक्कल नंबर मला आज विचाराल तर आठवावा लागेल. यादीतला नंबर कोणत्या वर्षी कितीवर होता, ते मात्र झोपेतून उठवलं तरी सांगेन.

अण्णा पुणे ग्रामीणला भरती झाले, तेव्हा पुढची वाट सरळ दिसत होती. शिपायाची बाही मोकळी. नाईक झालं की दोन फिती, हवालदार झालं की तीन. मग सहायक फौजदार, म्हणजे खांद्यावर एक तारा आणि लाल-निळी पट्टी. त्याच्यावर दोन ताऱ्यांचा उपनिरीक्षक, गावाच्या भाषेत खरा फौजदार. त्या दोन ताऱ्यांच्या निम्म्या जागा लोकसेवा आयोगाच्या सरळसेवा परीक्षेतून भरायच्या, पाव जागा खात्यातल्या लोकांच्या मर्यादित परीक्षेतून आणि उरलेल्या पाव पदोन्नतीनं. जुन्नर काय, ओतूर काय, घोडेगाव काय, पोलीस लाइनीतली बहुतेक घरं त्या शेवटच्या पावावर डोळा ठेवून होती.

नवी यादी ठाण्यात आली की अण्णा तिची झेरॉक्स घरी आणत. अनुक्रमांक, नाव, बक्कल नंबर, प्रवर्ग, जन्मतारीख, नेमणुकीची तारीख आणि अगदी उजवीकडे 'शेरा'. अण्णांचं बोट स्वतःच्या नावाकडे नंतर जायचं, आधी शेऱ्याच्या रकान्यावरून खाली उतरायचं. सेवानिवृत्त. मयत. निलंबित. आंतरजिल्हा बदली. ही बदली मागून घेणाऱ्याची ज्येष्ठता जाते, तो नव्या जिल्ह्यात सगळ्यांच्या शेवटी जाऊन बसतो. अशा प्रत्येक नावावर अण्णा पेन्सिलीनं बारीक रेघ ओढत आणि शेवटी समासात आपला नवा आकडा लिहीत. आई चहा ठेवता ठेवता विचारायची, "किती गेले?" यात तिला काही वावगं वाटत नसे. वरचा हलल्याशिवाय खालचा सरकत नाही, हे तिनं यादीकडून शिकलं होतं.

यादी खरी सरकायची ती मे महिन्याच्या अखेरीस. अण्णांच्या पिढीत जन्माची नोंद कोण ठेवतो! शाळेत नाव घालताना गुरुजी पोराची उंची बघून साल ठरवत आणि तारीख टाकत 1 जून. त्यामुळे महाराष्ट्रातली निम्मी सरकारी कचेरी एकाच दिवशी जन्मलेली. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून 31 मेला ठाण्याठाण्यांत हार-तुरे आणि पेढे. आमच्याकडे त्या दिवशी पेन्सिलीला टोक केलेलं असे. अण्णांची तारीखही 1 जूनच. म्हणजे खालच्या कुणाच्या तरी घरात त्यांच्या नावापुढं साल मोजणं चालू असणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मधल्या काळात काम होतंच. 19 फेब्रुवारीला शिवनेरीचा बंदोबस्त, श्रावणात भीमाशंकरचा, चैत्रात गावोगावच्या यात्रांचा. नारायणगावात तमाशाच्या राहुट्या पडल्या आणि सुपाऱ्या फुटू लागल्या की लाइनीतल्या बायका समजायच्या, आता महिना-दीड महिना नवरा फडाच्या तंबूबाहेर. उसात बिबट्या दिसला तर वनखात्याचा पिंजरा येईपर्यंत गर्दी मागं रेटायची. अण्णा शिपाई असताना जिथं काठी आडवी धरून उभे राहत, तिथंच हवालदार झाल्यावरही उभे राहिले. फिती वाढल्या तो आनंद घरात झाला. रस्त्यावर फरक पडला नाही. लोक त्यांना पहिल्या वर्षापासून 'साहेब'च म्हणत होते.

30 जुलै 2014 ला माळीण गाव दरडीखाली गेलं. गाडी घेऊन पोचलेल्या एसटीच्या चालकाला गावच दिसेना, आणि तिथून बातमी फुटली. अण्णा तेव्हा घोडेगावला होते. चिखलातून निघालेल्या माणसांची नोंद करण्याचं काम त्यांच्याकडं आलं: अनुक्रमांक, नाव, वय, ओळख पटवणाऱ्याची सही. आकडा 151 वर थांबला. पुढच्या वर्षीची ज्येष्ठता यादी त्यांनी घरी आणली, पण उघडली नाही. आईच्या हातात देऊन म्हणाले, "तूच बघ काय ते." रेघा ओढणं तिथं संपलं.

यादीचे अडसर पुढंही चालूच राहिले. 2013 ची खात्याअंतर्गत अर्हता परीक्षा पास झालेले कितीतरी जण वर्षानुवर्षं नुसते 'पास' राहिले. 2017 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं पदोन्नतीतल्या आरक्षणाचा शासन निर्णय रद्द केला आणि त्यानंतर कुणी बढतीचं विचारलं, की "कोर्टात आहे" हे एकच उत्तर मिळे. अण्णा एका ताऱ्यावर निवृत्त झाले.

फेब्रुवारी 2022 मध्ये शासनानं नाईक हे पदच मोडीत काढलं. तीस वर्षं सेवा आणि त्यातली तीन सहायक फौजदार म्हणून झाली, की श्रेणी उपनिरीक्षक. जागा रिकामी असो वा नसो. गृहमंत्री होते दिलीप वळसे पाटील, म्हणजे आमच्या आंबेगावचेच. निर्णय उशिरा आला म्हणून अण्णा चिडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी बातमी पुरती वाचली आणि म्हणाले, "बरं झालं. आता पोरांना दुसऱ्याच्या जाण्याकडं डोळे लावायला नको." मी म्हटलं, हवालदार व्हायला अजून जागा रिकामी व्हावी लागतेच. "मग निम्मं पाप तरी गेलं," ते म्हणाले.

पाप हा शब्द त्यांनी एरवी घरात वापरला नव्हता. इतकी वर्षं मला वाटत होतं, त्यांना वाट बघण्याचा त्रास होतो. त्रास वाट बघण्याचा नव्हता. ज्यांच्याबरोबर रात्रगस्त घातली, डबा खाल्ला, त्यांच्याच नावावर रेघ ओढताना मनात जे थोडं हलकं वाटायचं, त्याचा होता.

हे मला उमगलं ते जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागल्यावर. मुख्याध्यापकपदाची यादी असतेच. मागच्या 31 मेला आमच्या केंद्रातले एक ज्येष्ठ गुरुजी निवृत्त झाले. वर्गणी मी गोळा केली, शाल-श्रीफळ मंचरच्या बाजारातून मी आणलं, आणि तुमची उणीव भासेल हे भाषणात मीच म्हणाले. ते खोटं नव्हतं. माझा नंबर एकानं वर गेला, हेही खोटं नव्हतं. गुरुजी गळ्यातला हार काढत माझ्याकडं वाकले आणि म्हणाले, "बाई, आता तुमच्या खाली कोण आहे तेही बघून ठेवा. वर्गणी तेच गोळा करणार."