मॅक्लिओडगंज : डोंगरापलीकडच्या घराची ओढ

धरमशालेहून वळणावळणाचा रस्ता मॅक्लिओडगंजला पोहोचतो, तेव्हा समोर धौलाधारची शिखरं दिसतात. वाफाळते मोमो, लोकरीच्या शाली, वाऱ्यावर फडफडणाऱ्या पताका यांत पर्यटक रमून जातो. पण हे केवळ थंड हवेचं ठिकाण नाही.

१९५९ मध्ये ल्हासातला उठाव चीनने चिरडला. दलाई लामा भारतात आले आणि १९६० पासून इथं राहू लागले. त्यांच्यामागून हजारो तिबेटी हिमालय ओलांडून आले.

सकाळी वृद्ध स्त्रिया प्रार्थनाचक्र फिरवत मंदिराला प्रदक्षिणा घालतात. पर्यटकांनीही मंदिर उजव्या हाताला ठेवूनच चालावं. जवळच्या तिबेटी बालग्रामात मुलं आपली भाषा शिकतात. त्यांतल्या अनेकांनी तिबेट पाहिलेलाच नाही.

दलाई लामांची मागणी वेगळ्या राष्ट्राची नाही, तर चीनमध्येच राहून भाषा आणि धर्म जपता येईल अशा खऱ्या स्वायत्ततेची आहे. त्यासाठीची औपचारिक बोलणी २०१० मध्ये थांबली. २०११ मध्ये त्यांनी आपले राजकीय अधिकार लोकनियुक्त नेत्याकडे सोपवले.

दरवर्षी १० मार्चला इथं उठावाचा स्मृतिदिन पाळला जातो. त्या दिवशी आजीआजोबांबरोबर नातवंडंही मिरवणुकीत चालतात, न पाहिलेल्या घरासाठी.