मंगळाची नजर-आणेवारी

मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांनी टिपलेली छायाचित्रं पाहताना पहिली फसगत डोळ्यांचीच होते. उजेड वरून येतो हे आपला मेंदू धरूनच चालतो. त्यामुळे चित्रात सूर्य खालच्या बाजूला असला, की खोल विवर बघता बघता फुगीर टेकाड होऊन बसतं. म्हणून मी चित्रातलं विवर नंतर पाहतो. सूर्य कोणत्या बाजूला आहे, क्षितिजापासून किती वर आहे आणि एका पिक्सेलमध्ये किती मीटर जमीन मावते, हे आधी पाहतो. सूर्याची उंची कळली की सावलीच्या लांबीवरून खोली काढायला शाळेतली त्रिकोणमिती पुरते. ताजं, वाटीसारखं साधं विवर व्यासाच्या साधारण एक पंचमांश खोल असतं. त्याहून बरंच उथळ असेल, तर ते वाळूने, गाळाने किंवा लाव्हाने भरलं असावं, किंवा त्याचे काठ तरी झिजले असावेत. इतकं एका विवरातून कळतं. त्या जमिनीचं वय मात्र एकटं विवर सांगू शकत नाही. त्यासाठी विवरं मोजावी लागतात. ही मोजणी मला आपल्याकडच्या नजर-आणेवारीसारखी वाटते. पीक उभं असताना शिवार पाहून उताऱ्याचा अंदाज बांधायचा, आणि पुढे निवडक प्लॉटमधलं पीक कापून, वजन करून तो पडताळायचा. पहिला अंदाज म्हणजे थाप नव्हे, पण शेवटचा शब्दही नव्हे.

मोजणीमागचं तत्त्व साधं आहे. जी जमीन जास्त काळ उघड्यावर आहे, तिने जास्त मार खाल्लेला असतो. लाव्हाचा नवा थर पसरला की जुनी विवरं गाडली जातात आणि हिशेब पुन्हा शून्यापासून सुरू होतो. पण शिवाराचा कोणता तुकडा पाहिला, यावर सगळं अवलंबून असतं. १९६५ साली मरिनर ४ मंगळाजवळून गेलं आणि त्याने बावीस छायाचित्रं पाठवली. त्यांत ग्रहाचा जेमतेम एक टक्का भाग होता, आणि तो विवरांनी खचाखच भरलेला. मंगळ चंद्रासारखाच मेलेला आहे, असा समज त्यातून पसरला. १९७१ मध्ये मरिनर ९ कक्षेत फिरू लागलं, तेव्हा महाकाय ज्वालामुखी, अजस्र दऱ्या आणि वाहत्या पाण्याने कोरल्यासारखी कोरडी पात्रं समोर आली. आधीची विवरं खोटी नव्हती. रस्त्याकडेचं एक वावर पाहून गावाची आणेवारी लावली गेली होती. आज एक किलोमीटर किंवा त्याहून मोठ्या ३,८४,३४३ विवरांची यादी आहे आणि ती साऱ्या ग्रहाची आहे. त्यामुळे कोणता प्रदेश आधीचा आणि कोणता नंतरचा, हा क्रम आता बऱ्याच भरवशाने लावता येतो.

क्रम लागला तरी वर्षं कुठून आणायची? ती चंद्राकडून उसनी घेतलेली आहेत. अपोलो मोहिमांनी आणलेल्या ३८२ किलो दगडमातीचं वय प्रयोगशाळेत निघालं, आणि ती जिथून उचलली तिथली विवरं मोजून एक आलेख तयार झाला. त्या आलेखात तीन अब्ज ते एक अब्ज वर्षांच्या दरम्यान मोठी मोकळी जागा होती. २०२० मध्ये चांग-ई ५ या यानाने चंद्रावरून आणलेल्या खडकाचं वय सुमारे दोन अब्ज वर्षं निघालं. यान जिथे उतरलं, तिथल्या जमिनीसाठी विवरमोजणीचे आधीचे अंदाज साधारण एक ते तीन अब्जांमध्ये विखुरलेले होते. उत्तर त्या कक्षेत पडलं, हे पद्धतीचं यश. कक्षा इतकी रुंद होती, ही तिची मर्यादा. मंगळासाठी हाच आलेख वापरताना गुरुत्वाकर्षण आणि लघुग्रहांच्या पट्ट्याशी असलेली जवळीक यांची दुरुस्ती करावी लागते, आणि त्या दुरुस्तीत आणखी चूक शिरू शकते. तरीही मंगळावरच्या गेल विवरात क्युरिऑसिटी या रोव्हरने तिथल्या तिथे एका पंकाश्माचं, म्हणजे गाळापासून बनलेल्या खडकाचं, वय मोजलं, तेव्हा ते सुमारे ४.२ अब्ज वर्षं आलं. पस्तीस कोटी इकडेतिकडे. तो गाळ विवराच्या काठावरच्या खडकांतून आलेला, आणि त्या काठाच्या विवरमोजणीशी हे वय जुळलं.

सगळ्यात वजनदार आक्षेप लहान विवरांवरचा आहे. प्रत्येक खड्डा म्हणजे आकाशातून आलेला वेगळा दगड, असं नसतं. झुनिल हे मंगळावरचं जेमतेम दहा किलोमीटरचं विवर. पण त्या एका आघाताने उडालेल्या राडारोड्याने दहा ते दोनशे मीटरची सुमारे एक कोटी दुय्यम विवरं पाडली असावीत, असा २००५ चा अंदाज आहे. एका वळवाच्या सरीचे थेंब मोजून वर्षांचा हिशेब करावा, तसलाच हा प्रकार. आक्षेप मान्यच करायला हवा, पण त्याने पद्धत मोडीत निघत नाही. तिची हद्द ठरते. दुय्यम विवरं पुष्कळदा झुबक्यांत किंवा रांगेत पडतात, आणि मोठ्या विवरांच्या मोजणीत त्यांचा उपद्रव कमी असतो. शिवाय आज किती दगड पडतात, हे प्रत्यक्षही तपासता येतं. एकाच जागेची आधीची आणि नंतरची चित्रं शेजारी ठेवून नवी विवरं सापडतात. २४ डिसेंबर २०२१ चा आघात तर मंगळावर उतरलेल्या इनसाइट यानाच्या भूकंपमापकाने टिपला, आणि कक्षेतल्या कॅमेऱ्याला त्या जागी सुमारे दीडशे मीटरचं नवं विवर व भोवती फेकला गेलेला बर्फ दिसला. चित्राची साक्ष इथे कंपनांनी पटवली.

दुसरा आक्षेप असा, की हातात दगड नसताना वय सांगणं हा उद्धटपणाच आहे. त्याचं उत्तर बुलढाणा जिल्ह्यात आहे. लोणारचं सुमारे १.८ किलोमीटरचं विवर बॅसाल्टमध्ये पडलेलं, म्हणून मंगळाच्या अभ्यासकांना जवळचं. मंगळावरच्या एका विवराला त्याचं नावही दिलेलं आहे. इथे खडक हवा तेवढा उचलता येतो. तरी तापदीप्तीच्या (थर्मोल्युमिनेसन्स) पद्धतीने वय सुमारे बावन्न हजार वर्षं आलं आणि आर्गॉनच्या पद्धतीने सुमारे पाच लाख सत्तर हजार. दहापटीहून जास्त फरक! दगड हाती आला म्हणजे वाद मिटला, असं नाही. प्रत्येक पद्धत कशाला वय म्हणते आणि कुठे चुकू शकते, हे विचारावंच लागतं. तोच प्रश्न विवरमोजणीला विचारला, तर तिचं उत्तर अब्जांच्या हिशेबात टिकतं, लाखांच्या हिशेबात नाही.

म्हणून मंगळाच्या एखाद्या मैदानाचं वय नेमक्या एका आकड्यात छापलेलं दिसलं, की मला ते खटकतं. कमी-जास्तीची हद्द सोबत दिली असेल, तर भरवसा वाटतो. जेझेरो विवरात पर्सिव्हरन्स या रोव्हरने खडकांचे नमुने नळ्यांत भरून ठेवले आहेत, पण ते अजून मंगळावरच आहेत. कापणी झाली आहे. वजनकाटा मात्र पृथ्वीवर आहे. तोवर आपल्या हाती नजर-आणेवारीच आहे, आणि ती तशीच म्हणून वाचली तर पुष्कळ काही सांगते.