गणपतरावांचे वारस

व्हिडिओ गेमची मालिका नव्या दिग्दर्शकाच्या हाती गेली की नायकाची प्रकृतीच पालटू शकते. डेव्हिड जाफे यांच्या २००५ मधील 'गॉड ऑफ वॉर'चा सूडाने पेटलेला क्रेटॉस कोरी बारलॉग यांच्या २०१८ मधील खेळात मुलाला वाढवणारा बाप झाला. नाव तेच, मग सातत्य कशाचे?

नाशिककर वि. वा. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'ने हाच प्रश्न मराठी रसिकांपुढे ठेवला आहे. १९७० मध्ये पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या दिग्दर्शनाखाली श्रीराम लागूंनी गणपतराव बेलवलकर उभे केले. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त आले; संहिता तीच, गणपतराव मात्र दरवेळी निराळे. शिरवाडकर १९९९ मध्ये निवर्तले. महेश मांजरेकरांच्या २०१६ मधील चित्रपटात तर मूळ नाटकात नसलेला मित्र रामभाऊ अवतरला. बेलवलकरांना बरोबरीचा श्रोता लाभला आणि शोकात्मिकेचे मर्म असलेले त्यांचे एकाकीपण काहीसे निवळले.

वारसाला बदलाचा अधिकार आहेच. पण मूळ जखमेचे भान त्याला ठेवावे लागते. पहिल्या खेळाच्या पूर्वकथेत क्रेटॉसच्या हातून स्वतःची पत्नी आणि मुलगी मारली गेलेली असतात, म्हणूनच त्याचे नंतरचे बापपण परके वाटत नाही. सर्वस्व देऊन बसलेल्या बापाला घर कोणते, ही बेलवलकरांची जखम. ती ठसठसत राहील तोवरच नव्या गणपतरावांना जुने नाव शोभेल.