माळावरचा ठोका

दिवसा दिसणारा पक्षी परका वाटत नाही. त्याचा रंग, त्याची चोच, त्याची उडण्याची तऱ्हा डोळ्यांपुढे असते. नाव ठाऊक नसले तरी मनुष्याचे फारसे अडत नाही. रात्री मात्र पक्षी उरत नाही, केवळ आवाज उरतो. आणि ज्या आवाजाला धनी नाही, त्याला धनी मिळवून देण्याचे काम आपली भीती मोठ्या तत्परतेने करते. आमच्या घरात अशा एका आवाजाने एका बाईची झोप साठ वर्षांहून अधिक काळ उडविली होती. तो आवाज कोणाचा, हे शोधण्याचा योग गेल्या चैत्रात आम्हांस आला. त्याची हकीकत वाचकांस सांगावीशी वाटते.

आमचे मूळ घर वाईजवळ, कृष्णाकाठी. घरामागे परसू, परसवाला लागून रिकामा गोठा, आणि त्यापलीकडे आमच्याच मालकीचा मुरमाड माळ. बोरी-बाभळींवाचून तेथे काही उगवत नाही. त्या घरात आमच्या थोरल्या काकू राहतात. वय ८८. माघात पाय घसरून त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया नीट झाली. पण चुलतबंधूंस नोकरीवर परतणे भाग पडले, म्हणून पंधरा दिवस सोबतीस आम्ही गेलो. जाताना बंधूंनी आणखी एक काम सोपविले होते. रस्त्याच्या भरावासाठी गावातील एका ठेकेदारास माळावरचा मुरूम हवा होता, आणि त्या कागदावर काकूंची सही घ्यावयाची होती.

माजघरात काकूंची खाट आणि खाली आमची पथारी. पहिल्याच रात्री, पहाटे चारच्या सुमारास, आम्हांस जाग आली. माळाच्या बाजूने कोणी तरी ठोकत होते. टुक्… टुक्… मग जलद टुक्-टुक्, आणि शेवटी त्या ठोक्यांचीच एक लहानशी घरंगळ. फरशीवर गोटी पडावी, तिच्या उड्या आखूड आखूड होत जाव्या आणि अखेर ती थरथरत स्थिर व्हावी, अगदी तसे. क्षणभर शांतता, की पुन्हा तेच.

"आला का रे तो?" अंधारातून काकूंचा आवाज आला.

"कोण, काकू?"

"ठोकणारा. झोप तू. आपल्याकडे नाही आलेला."

लहानपणी सुटीत ऐकलेले सारे आम्हांस तत्क्षणी आठवले. माळावर 'तो' ठोकू लागला म्हणजे कोणाची तरी तिरडी बांधली जात आहे, असे घरातील बायका म्हणत. पुरुषमंडळी हसत, आणि हसण्यापलीकडे काही करीत नसत. १९६२ च्या वैशाखात काकूंची तीन वर्षांची लेक घटसर्पाने गेली. त्या रोगाची लस आमच्या खेड्यात तेव्हा पोहोचलेली नव्हती. मुलीचा श्वास कोंडला होता आणि बाहेर रात्रभर तो ठोकत होता, एवढेच काकू एकदा आमच्या आईजवळ बोलल्या होत्या. त्यानंतर दरसाल उन्हाळा आला, की काकू त्या आवाजाची वाट पाहत जागत, आणि तो येईच.

सकाळी आम्ही ठरविले की, हसणे पुरे झाले; याचा छडा लावावयाचा.

प्रथम, हा कोण नव्हे, ते पाहिले. पिंगळा नव्हे, त्याचा कर्कश कलकलाट गोठ्याच्या आढ्यावरून रोजच ऐकू येत होता. टिटवी नव्हे, ती ओरडत उडते, आणि तिचा आवाज जागा बदलतो. पावशा चांदण्या रात्री ओरडतो खरा, परंतु त्याचा सूर पायरी-पायरीने वर चढतो. येथे सूर चढतही नव्हता आणि उतरतही नव्हता. घुबडाचा घुमणारा हुंकार तर याच्या आसपासही येत नाही. सर्वांत जवळचा वाटला तो तांबट. त्याचे 'टुक् टुक्' भांडी घडविणाऱ्या तांबटासारखेच चालते. पण तांबट उन्हात ठोकतो आणि रात्री मुकाट असतो. शिवाय त्याचा ठोका घड्याळासारखा एकसारखा पडतो. आमचा ठोकणारा शेवटी घाई करून घरंगळत होता.

मग आम्ही वही घातली. वेळ, दिशा, चांदणे आणि ठोक्यांची चाल या चारच गोष्टी तीत टिपावयाच्या. चार रात्रींत असे दिसून आले की, सूर्य मावळून अंधार दाटू लागला म्हणजे त्याची सुरुवात होते, मध्यरात्री तो मंदावतो आणि पहाटे पुन्हा उभारी धरतो. चांदणे वाढत गेले तसे त्याचे ठोकणेही वाढत गेले. परंतु खरी खूण निराळीच होती, आणि ती वहीत शेवटी उतरली. आवाज झाडावरून येत नव्हता, जमिनीवरून येत होता. आम्ही इतक्या रात्री मान वर करून बाभळी धुंडाळीत होतो, हीच आमची चूक.

पाचव्या दिवशी संध्याकाळी विजेरी घेऊन आम्ही माळावरच्या गाडीवाटेने निघालो. तीस-चाळीस पावलांवर वाटेच्या मधोमध दोन निखारे चमकले. आम्ही जागीच थांबलो. निखारे विझले आणि साळुंकीएवढे काही तरी, पंखांचा आवाज म्हणून न करता, वाटेवरून उठले. पंखांवर पांढरे ठिपके क्षणभर दिसले, आणि पुन्हा अंधार.

हा रातवा होय. दिवसा तो माळावर निजतो. त्याची पिसे वाळक्या पानांच्या आणि मातीच्या रंगाची असतात, त्यामुळे पाय पडण्याच्या बेतात येईपर्यंत तो दृष्टीस पडत नाही. रात्री पतंग आणि भुंगेरे उडता उडता टिपावयाचे, हाच त्याचा उद्योग. चोच चिमुकली, पण जबडा मोठा रुंद. आमच्याजवळ डॉ. सलीम अली यांचे भारतीय पक्ष्यांवरचे, १९४१ साली प्रथम निघालेले प्रसिद्ध पुस्तक होते. पण रातव्यांच्या जाती रंगरूपाने इतक्या सारख्या असतात की, अंधारात चित्राचा उपयोग थोडाच. त्यांना वेगळे करतो तो आवाज. दाट झाडीतला रातवा एकाच चालीने ठोकत राहतो. अखेरीस घरंगळणारा ठोका हा उघड्या माळरानावरच्या साध्या रातव्याचा. खातरजमेसाठी आम्ही मोबाइलवर 'झेनो-कँटो' हा पक्ष्यांच्या आवाजांचा संग्रह उघडला. जगभरचे हौशी लोक २००५ पासून त्यात आपापली ध्वनिमुद्रणे जमा करीत आले आहेत. तेथील रातव्याचा आवाज सुरू केला मात्र, आणि आमचा ठोकणारा प्रत्यक्ष माजघरात अवतरला.

येथे आमच्या हातून घडलेला एक प्रमाद कबूल केला पाहिजे. आम्ही शोधाच्या आनंदात होतो. काकू खाटेवर जाग्या आहेत, याचे भान आम्हांस राहिले नाही. वळून पाहिले तो त्यांच्या दोन्ही मुठींत पांघरूण घट्ट धरलेले. आम्ही आवाज बंद केला आणि खाटेशी जाऊन बसलो. लाजेने काही वेळ बोलवेना. पुढे हळूहळू सर्व सांगितले: पक्षी केवढा, खातो काय, राहतो कोठे. उन्हाळा हा त्याच्या विणीचा हंगाम. तेव्हाच नर असा रात्री-रात्री साद घालतो.

काकू पुष्कळ वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे ती गेली त्याच्या आधीही तो ठोकत असेल?"

"महिनाभर तरी असणार."

"मग मला कसा ऐकू आला नाही?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. ते त्यांनीच दिले. "तेव्हा झोप लागत होती रे."

त्या वाक्याने आम्हांस जे कळले, ते पुस्तकात नव्हते. रात्रीच्या पक्ष्यांची अपकीर्ती बहुतेक सर्व देशांत आहे. याच रातव्याच्या युरोपातील भाईबंदांवर, ते रात्री शेळ्यांचे दूध पितात असा आळ प्राचीन काळापासून आहे, आणि त्यांच्या कुळाच्या शास्त्रीय नावात तो आजही टिकून आहे. शेळ्यांपाशी किडे जमतात आणि किड्यांमागे पक्षी येतो, एवढेच तेथे घडत असावे. आमच्याकडे तर पिंगळा आणि टिटवीही दोषी ठरले. पक्षी दरसाल, दररात्र ओरडत असतात. परंतु सुखाने निजलेल्यास ते ऐकू येत नाहीत. ऐकू येतात ते दुखणाइताच्या उशाशी बसलेल्यास. दुखण्याची रात्र आणि पक्ष्याचा आवाज त्याच्या मनात एकत्र बांधले जातात आणि पुढे सुटत नाहीत. हे भोळेपण म्हणून हसण्यावारी नेणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, त्या रात्री ते स्वतः बहुधा निजलेले होते. आमच्या घरी उशाशी बसण्याचे काम बायकांकडे होते आणि हसण्याचे पुरुषांकडे.

दुसऱ्या दिवशी काकूंनी विचारले, "त्याचं घरटं कुठं असतं?"

"घरटे तो बांधीतच नाही. उघड्या जमिनीवर बहुधा दोन अंडी घालतो आणि त्यांवर निश्चल बसून राहतो."

"आपल्या माळावर?"

"असतील. आम्ही शोधली नाहीत. उगीच पक्षी उठायचा."

सायंकाळी ठेकेदार कागद घेऊन आला. काकूंनी चष्मा लावून तो सगळा वाचला, घडी केली आणि परत दिला. "पाऊस सरू दे," त्या म्हणाल्या, "मग बघू." त्याने कारण विचारले, काकूंनी सांगितले नाही. बंधूंस काय कळवावे, हा आमच्यापुढे प्रश्नच होता. आम्ही खरे तेच कळविले.

निघण्याच्या आदल्या रात्री तो पुन्हा ठोकू लागला. चांदणे चांगले पडले होते. काकू जाग्याच होत्या. आता भीती वाटते का, असे आम्ही विचारले.

"भीती नाही वाटत," त्या म्हणाल्या. "झोप मात्र येत नाही. पण आता त्याला शिव्या देत नाही मी."

मग थोड्या वेळाने, आम्ही झोपलो असे समजून की काय, त्या माळाच्या दिशेस तोंड करून हळूच म्हणाल्या, "घाल बाबा साद."