पंख्याची मान

विजेच्या जुन्या पंख्यात सर्वांआधी म्हातारे होते ते त्याचे रबर. लोखंडाला गंज चढतो, पितळ काळवंडते, बुशातले तेल आटून त्याची खळ होते. पण हे सारे डोळ्यांना दिसते, आणि थोडे रॉकेल व थोडी चिंच एवढ्यावर निभावतेही. रबराचे वार्धक्य मात्र गुप्त असते. वरचे सुताचे विणलेले वेष्टन जसेच्या तसे, फार तर थोडे मळलेले. आतली तांब्याची तार शाबूत. आणि या दोहोंच्या मध्ये जे रबर मनुष्याला विजेपासून वाचविण्यासाठी म्हणून घातलेले, तेवढेच खडूसारखे ठिसूळ! तार जराशी वाकवावी, तो आतल्या आत त्याचा चुरा व्हावा, आणि वरच्या वेष्टनाला त्याची वार्ताही नसावी.

आमच्या घरातील टेबलपंख्याची हीच अवस्था झाली होती. आजोबांनी तो १९३८ साली घेतला. त्याच्या पितळी पट्टीवरील कारखान्याचे नाव पुसपुसून नाहीसे झाले आहे. उजेडात तिरपे धरले तर '२२० व्होल्ट, ५० सायकल' एवढी अक्षरे लागतात. चार रुंद पितळी पाती, लहान मुलाचा हात सहज आत जाईल अशी विरळ जाळी आणि दोन्ही हातांनी उचलावे लागते असे बिडाचे बूड. माझ्या आईचे वय आज ८४ आहे, आणि लग्न होऊन या घरात आल्यापासून उन्हाळ्यात ती याच पंख्याच्या वाऱ्यात निजते. छताचा पंखा डोक्यावर बसून वारा घालतो, हा समोर बसून घालतो, असा तिचा दोहोंतला विवेक आहे. तर गेल्या चैत्रात ती एकदा म्हणाली, "अरे, हा पंखा डावीकडे बघतो ना, तेव्हा चावतो."

माझ्या मुलीला हसू आवरेना. पंखा चावतो हे एक वेळ मान्य. पण डावीकडे पाहतानाच का चावावा? मी आयुष्यभर इंग्रजी काव्य शिकवीत आलो असल्यामुळे असो, की आईचा स्वभाव मला ठाऊक असल्यामुळे असो, मला तो 'डावीकडे' हा शब्द काही केल्या निरर्थक वाटेना. एवढ्या नेमकेपणाने कोणी उगाच बोलत नाही. पंख्याची पिन काढली आणि आमच्या पेठेत एक वृद्ध गृहस्थ मोटारींचे वाइंडिंग करतात, त्यांच्याकडे तो नेला.

काकांनी (त्यांना सारी पेठ काकाच म्हणते) पंखा उघडण्यापूर्वी एक साधा प्रयोग केला. त्यांच्या बाकावर एक शंभर वॉटचा दिवा सिरीजमध्ये जोडलेला असतो. परीक्षा करायची ती वस्तू या दिव्याच्या मागे जोडायची. आत दोष असला तरी वीज दिव्यातूनच जावयाची असल्यामुळे काही जळत नाही, दिवा मात्र तोंडावर सांगून टाकतो. त्यांनी एक तार पंख्याच्या वायरीला लावली, दुसरी त्याच्या लोखंडी अंगाला. दिवा लागला नाही. मग लाकडी दांडीने ते पंख्याचे डोके हळूहळू वळवू लागले. उजवीकडे, मध्ये, काही नाही. डावीकडे शेवटच्या टोकाला पोहोचले मात्र, दिवा भक्कन पेटला. "आई बरोबर सांगतायत, सर," काका म्हणाले. "मानेत उघडी पडलीय."

बुडातून मोटारीकडे जाणारी ही मानेतली वायर म्हणजे अशा पंख्याचे मर्मस्थान होय. बाकीच्या तारा स्वस्थ पडून असतात. हिला मात्र पंखा जितक्या वेळा मान फिरवील तितक्या वेळा वाकावे लागते. रबर कोवळे असते तोवर ती हे निमूटपणे सोसते. पुढे ते तडकते, तांबे उघडे पडते, आणि डोके वळले की ते बिडाला टेकते. त्या क्षणी जाळीला हात लावणारा मनुष्य, विशेषतः आईप्रमाणे ओल्या पायांनी न्हाणीघरातून आलेला, विजेची जमिनीकडे जाणारी वाट होतो. त्यातून या पंख्याला पिना दोनच, आणि त्या कशाही उलटसुलट बसणाऱ्या. उलट बसल्या तर बटण बंद केल्यावरही आतल्या तारेत वीज उभीच! तेव्हा आईला नुसता चावा बसला, हे नशीबच म्हणावयाचे.

या यंत्राचा मूळ पिंड किती चिवट आहे हे पाहिले म्हणजे रबराचा हा दगा अधिकच बोचतो. टेबलावरचा विजेचा पंखा १८८२ साली अमेरिकेत स्कायलर व्हीलर याने केला. त्याला दोनच पाती होती आणि तो एकदिश प्रवाहावर चाले. पुढे १८८८ साली ट्यूरिनला फेरारिस आणि अमेरिकेत टेस्ला यांनी, एकमेकांवर अवलंबून न राहता, फिरत्या चुंबकक्षेत्राची मोटार जगापुढे मांडली, आणि पंख्याला जणू चिरंजीवित्वाचा वर मिळाला. कारण या मोटारीच्या फिरणाऱ्या भागाला एकही तार जोडावी लागत नाही. बाहेरच्या वेटोळ्यांतील चुंबकत्व त्याला स्पर्शावाचून ओढीत नेते. घासणारा कार्बन नाही, ठिणगी नाही. बुशात तेल असले म्हणजे झाले. आमच्या पंख्याचे मूळ वाइंडिंग अजून शाबूत निघाले. काकांनी दिव्याच्या उबेत दोन दिवस ठेवून त्यातली ओल काढली आणि मेगर लावून पाहिला, तर काटा बारा मेगओहमवर! एक मेगओहम मिळाला तरी अशा म्हाताऱ्याला पास करतात.

रबराला मात्र तसा वर नाही. चिकाचे रबर उन्हात चिकट व थंडीत कडक होई. त्यात गंधक घालून तापविले असता ते टिकाऊ होते, हा शोध चार्ल्स गुडइयरला १८३९ साली लागला, आणि त्यावाचून विजेच्या तारा घरोघर पोहोचल्याच नसत्या. परंतु ते गंधक तांब्याला काळे पाडते, आणि तांबे उलट रबराचा नाश त्वरेने घडविते. म्हणून कारखानदारांनी या वधूवरांच्या मध्ये कथलाचा अंतरपाट धरला, म्हणजे तारेला कल्हई केली. एवढे करूनही ऊब आणि हवा आपले काम चालूच ठेवतात. जुन्या पंख्यांचे शौकीन मूळची वायर तशीच राहावी असा हट्ट धरतात, असे काका सांगत होते. दुसरे कोणी त्यातले यंत्रच उपसून आत रंगीत दिवा बसवितात. या दोन्ही तऱ्हा मला सारख्याच अनाठायी वाटतात. वारा न घालणारा पंखा आणि मनुष्य मारणारा पंखा, यांतला कोणता अधिक 'अस्सल', हे ठरविण्याच्या खटाटोपात मी पडणार नाही.

असे मी म्हणतो खरे. पण बुडाखालचे फेल्ट काढले तेव्हा माझीच परीक्षा झाली. आत, वेग बदलणाऱ्या कॉईलच्या शेजारी, मुख्य वायर आणि मानेतली वायर यांचा एक जुना सांधा होता. पीळ सारखा, कथलाने नीट झाळलेला, वर पांढऱ्या दोऱ्याचे एकाला एक लागून वेढे आणि त्यांवर लाखेचा हात. जवळच झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिले होते: ११-५-७१. ते आकडे कोणाचे हे मला सांगावे लागले नाही. वडील शाळेत गणित शिकवीत, आणि त्यांचा सात सर्वांहून निराळा असे. त्यांना जाऊन आज एकोणीस वर्षे झाली. काकांनी चष्मा वर करून तो सांधा पाहिला आणि म्हणाले, "कारागिराचं काम आहे. पण राखता येणार नाही. दोन्हीकडची वायर मेली, मधली गाठ ठेवून काय करू?"

मी निर्णय न देता घरी आलो आणि आईला सारे सांगितले. तो दिवस तिला आठवत होता. दुपारभर वडील जमिनीवर बसून होते. झाळायचे सामान शेजाऱ्यांचे आणले होते. कथलाचा एक थेंब फरशीवर पडला, त्याचा डाग आहे अजून, असे ती म्हणाली. मी तो कापण्याविषयी विचारले.

"गाठ चांगली आहे म्हणतोस ना? मग डबीत घालून मला आणून दे," ती म्हणाली. "वारा काही गाठीतून येत नाही."

तपकीर गल्लीतून सिलिकॉनचे आवरण असलेली, बारीक बारीक तारांची मऊ वायर आणली; तिच्यावर चढवायला तपकिरी सुती नळीही तिथेच मिळाली. खरे कौशल्याचे काम तिथून पुढे होते. वाइंडिंगच्या केसासारख्या टोकांवरचे जुने रबर नखाने सोलून, त्यांना नवी तार राळ आणि कथील यांनी जोडावयाची. हात हलला तर टोक कॉईलच्या अंगाशीच तुटणार, आणि मग सारे वाइंडिंग नवे करावे लागणार. सत्तरीच्या वरचे काका हे करताना बोलत नव्हते, मीही बोलत नव्हतो. मग मेणाच्या दोऱ्याने सर्व तारा पुन्हा बांधल्या. मानेत थोडी वायर सैल ठेवली, म्हणजे डोके वळताना ती ताणली जाणार नाही. तिसरी, हिरवी तार मूळच्या पंख्याला नव्हती. ती त्याच्याच बुडाच्या एका स्क्रूखाली घातली, नवे भोक पाडावे लागले नाही. पुन्हा दिवा जोडून काकांनी डोके या टोकापासून त्या टोकापर्यंत पाच-सहा वेळा वळविले. दिवा अंधारातच राहिला. बुशात तेलाचे चार थेंब सोडून त्यांनी पंखा माझ्या स्वाधीन केला.

आता तीन पिनांचा प्लग आला, तेव्हा आईच्या खोलीतला बोर्ड तपासणे ओघाने आले. वायरमनने तो उघडला, तर वरचे मोठे भोक केवळ शोभेचे. त्याच्या मागे अर्थिंगची तारच नाही! पंख्याची हिरवी तार अशा रीतीने भिंतीपर्यंत येऊन थांबली. आता बाहेर पट्टी पुरून तिथपासून खोलीपर्यंत तार आणावयाची आहे, आणि मीटरजवळ तीस मिलिअँपिअरला तुटणारे स्वयंचलित बटण बसवावयाचे आहे. वायरमन सोमवारी येतो म्हणाला आहे. तोवर पंखा कपाटावर ठेवला आहे; पिन लावू दिलेली नाही. आई दुपारी ताडाचा विंझणा घेऊन बसते आणि सोमवारला किती दिवस उरले ते विचारते.