अण्णा, आई आणि करडीचं तेल

आमच्या ऑफिसच्या पॅन्ट्रीत क्रिकेट आणि अप्रेझलनंतर सगळ्यात जास्त चर्चा होते ती तेलाची. एकीची आई राइस ब्रॅनवर शिफ्ट झालीय, एक जण जिम ट्रेनरच्या सांगण्यावरून सॅलडवर ऑलिव्ह ऑईल ओततो आणि तिसरा 'बॉस, शेवटी तूपच बेस्ट' म्हणून मोकळा होतो. मी आपली गप्प. कारण मी सेलूची. परभणी जिल्ह्यातलं, देवगिरी एक्स्प्रेसमधून डोळे चोळत उतरायचं ते सेलू. आमच्याकडे तेल म्हणजे करडीचं. (तुम्ही करडई म्हणता, आम्हाला तेवढाही वेळ नसतो.) गरम ज्वारीची भाकरी, शेजारी ठेचा आणि त्यावर कच्च्या तेलाची धार. ज्यांनी खाल्लं नाही त्यांना काय सांगणार?

पण ही धार आमच्या घरात भांडणाचं कारण झाली. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, डायबेटिस होऊन नऊ वर्षं झाली. साखरेचं टेन्शन एव्हाना अंगवळणी पडलं होतं. गेल्या वर्षी त्यांचा लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर आला. ट्रायग्लिसराइड्स २८६ आणि एचडीएल, म्हणजे ते 'चांगलं' कोलेस्टेरॉल, फक्त ३४. माझे मोठे काका बावन्नाव्या वर्षी हार्ट अटॅकनं गेले. त्यांनाही शुगर होती. त्यामुळे मीटिंगमध्ये बसून तो रिपोर्ट झूम करून बघताना माझं लक्ष समोरच्या स्लाइडवर होतं असं मी म्हणणार नाही.

डायबेटिसमध्ये रक्तातल्या चरबीचं हे अगदी टिपिकल चित्र असतं. शरीर इन्शुलिनचं ऐकेनासं झालं की चरबीच्या पेशींतून फॅटी अ‍ॅसिड्स सुटत राहतात. लिव्हर त्यांचे ट्रायग्लिसराइड्स बनवून रक्तात पाठवतं. मग एचडीएल घसरतं. गंमत म्हणजे एलडीएलचा, 'वाईट' कोलेस्टेरॉलचा, आकडा फार वाढलेला नसतो, पण त्याचे कण बारीक आणि घट्ट होतात आणि ते जास्त त्रासदायक. म्हणजे घरच्यांच्या रिपोर्टवर 'टोटल कोलेस्टेरॉल नॉर्मल' दिसलं की लगेच पार्टी करू नका.

इकडे अण्णांना कुठूनसं कळलं की करडीच्या तेलानं एचडीएल वाढतं. झालं! रिटायर्ड मास्तर ते, एकदा पटलं की पटलं. भाकरीवर दोन चमचे, वरणावर एक, उसळीवर एक. वर "औषध आहे गं ते" हे आईला ऐकवणं. आईनं वैतागून मला फोन केला, "तूच सांग बाई तुझ्या अण्णांना."

आता सांगायचं तर आधी वाचायला हवं. आणि अण्णा अगदीच हवेत बोलत नव्हते. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०११ मध्ये डायबेटिस असलेल्या, वजन जास्त असलेल्या, पाळी थांबलेल्या बायकांवर केलेला एक अभ्यास आहे. रोज ८ ग्रॅम करडीचं तेल, १६ आठवडे. त्यांचं एचडीएल वाढलं, तीन महिन्यांची सरासरी साखर थोडी उतरली. आमच्या परभणीच्या कृषी विद्यापीठानं 'परभणी कुसुम'सारखे करडीचे वाण काढले आणि त्याच तेलाचं कौतुक ओहायोतून! मी क्षणभर कॉलर ताठ केली.

मग बारीक अक्षरं वाचली. अभ्यासात शेवटपर्यंत राहिलेल्या बायका ३५. आठ ग्रॅम म्हणजे जेमतेम पावणेदोन छोटे चमचे, अख्ख्या दिवसाला. अण्णा तेवढं नाष्ट्यालाच संपवत होते.

दुसरी गोष्ट आणखी जुनी. ऑस्ट्रेलियात सिडनीला १९६६ ते १९७३ या काळात हृदयाचा झटका किंवा तसा त्रास होऊन गेलेल्या ४५८ पुरुषांवर एक प्रयोग झाला. काहींना लोणी वगैरे सोडून करडीचं तेल आणि त्याचंच मार्जरीन दिलं. कोलेस्टेरॉल उतरलं. पण २०१३ मध्ये जुने आकडे नव्यानं मांडले गेले तेव्हा दिसलं की तेलवाल्या गटात मृत्यू जास्त होते. करडीच्या नेहमीच्या तेलात सुमारे ७५ टक्के लिनोलिक अ‍ॅसिड, म्हणजे ओमेगा-६. ओमेगा-३ जवळपास नाहीच. त्या प्रयोगावर तज्ज्ञांचे वाद आहेत आणि लोण्या-वनस्पतीच्या जागी अशी तेलं आली तर एलडीएल उतरतं, हे बऱ्याच अभ्यासांतून दिसलंय. पण 'जागी' हा शब्द महत्त्वाचा. अण्णांचं सगळं 'वर' चाललेलं. एका ग्रॅमला ९ कॅलरी, तेल करडीचं असो की इटलीचं.

पुढच्या वीकेंडला मी सेलू गाठलं आणि स्वयंपाकघराचं ऑडिट केलं. दोन माणसांचं घर आणि महिन्याला पाच लिटरचा डबा! डाएटिशियन साधारण माणशी अर्धा लिटर सांगतात. चहासोबत बेकरीची खारी आणि टोस्ट, म्हणजे वनस्पती तुपाचा माल. (ट्रान्स फॅटवर २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे, पण मैदा आणि घट्ट चरबी कुठं जातेय?) तळणीचं तेल गाळून पुन्हा फोडणीला. आणि ट्रायग्लिसराइड्सचा मोठा मित्र, गोड चहा, दिवसातून चार वेळा. तेलावरून वाद घालणाऱ्या आमच्यापैकी कुणीच त्या कपाकडे बघितलं नव्हतं.

आईनं निकाल दिला. अण्णांसाठी वेगळी बाटली, दिवसाचे तीन चमचे, फोडणीसकट. संपलं की संपलं. खारी बंद, चहा बिनसाखरेचा. जवसाची चटणी रोज पानात, कारण ओमेगा-३ तिच्यात आहे आणि ती तशीही आमच्याकडे बारा महिने असतेच. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केली. ती मात्र अण्णांनी तेलाच्या भरवशावर सोडायची नाही, हे मी तीनदा वदवून घेतलं.

तीन महिन्यांनी ट्रायग्लिसराइड्स १९८. एचडीएल ३६. गोळीमुळे, चालण्यामुळे की खारी सुटल्यामुळे, कोण सांगणार? अण्णा नाराज. "दोनच पॉइंट?"

आणि ते तेल तरी येणार कुठून? आमच्या भागात सगळीकडे सोयाबीन. करडीच्या काट्यांत काढणीला मजूर हात घालायला तयार नाहीत. चुलतभावानं यंदा हरभऱ्याच्या कडेनं चार तासं करडी पेरली, तेव्हा अण्णा खूश होऊन शेतात बघायला गेले. तो म्हणाला, "तेलासाठी नाही अण्णा, जनावरं आत येऊ नयेत म्हणून." अण्णांनी कोवळ्या पानांची जुडी खुडून आणली. आईनं भाजी केली, एक चमचा तेलात.